देशभक्त कै. केशवराव जेधे

पुण्याहून भोरकडे अथवा वेल्ह्याकडे निघणाऱ्या आमच्या मंडळींत स्वारगेटचा चौक ठाऊक नाही असे घर सापडणे कठीण. बाजारहाटासाठी, दवाखान्यासाठी, कोर्टकचेरीसाठी अथवा लेकीच्या सासरी जाण्यासाठी आपण वर्षानुवर्षे तेथेच एस. टी. तून उतरत व तेथूनच चढत आलो. त्या चौकास जेधे चौक म्हणतात. आम्ही शिक्षकी पेशात असता हे जेधे कोण, असा प्रश्न वर्गात अनेकदा घातला. बहुतेक मुले मोठ्या उत्साहाने कान्होजींचे नाव सांगत. उत्तर चुकीचे असले तरी मुलांस रागे भरावे असे आम्हांस कधी वाटले नाही, कारण त्यांच्या वडीलमंडळींसही बहुधा तेवढेच ठाऊक असे. चौक ज्यांच्या नावाचा आहे ते केशवराव मारुतराव जेधे. ब्रिटिश अमदानीत ते दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळाचे सभासद होते, पुढे घटना समितीचे व अखेरीस लोकसभेचे सभासद झाले. त्यांचे चरित्र या स्मरणिकेच्या वाचक कुटुंबांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

घराणे मूळचे कारीचे. रायरेश्वराच्या पायथ्याशी, भोर तालुक्यात हे गाव वसले आहे. रोहिड खोऱ्याची देशमुखी या घराण्याकडे होती. कान्होजी जेधे प्रथम शहाजीराजांच्या व पुढे शिवाजीमहाराजांच्या पदरी होते. अफझलखान १६५९ साली चालून आला तेव्हा मावळातील देशमुखांस विजापूरची फर्माने सुटली. खानास सामील व्हावे, नाही तर वतन जाईल असा त्यांचा आशय. उत्रवळीचे खोपडे खानाकडे गेले. कान्होजी आपल्या पाच पुत्रांसह महाराजांपाशी आले आणि वतनावर पाणी सोडते झाले. ही कथा आपल्याकडे पोरासोरांच्या तोंडी आहे. तसेच घोडखिंडीच्या झुंजीनंतर दरबारातील पहिल्या मानाचे पान बांदलांस देण्याचे ठरले, तेव्हा जेध्यांनी तो मान बिनतक्रार सोडला, हेही. आंबवड्यास कान्होजींची समाधी आहे, व नागेश्वराच्या दर्शनास जाणारे आपले लोक तेथे हात जोडून पुढे जातात.

या घराण्याने मराठ्यांच्या इतिहासास आणखी एक देणगी दिली. कारीचे दयाजीराव सर्जेराव ऊर्फ दाजीसाहेब जेधे देशमुख यांच्या दप्तरात एक शकावली होती. तीत सालवार नोंदी होत्या. ती त्यांनी लोकमान्य टिळकांच्या हवाली केली आणि टिळकांनी १९१६ साली ती छापून प्रसिद्ध केली. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, ही तिथी त्या शकावलीने पुढे आणली. आज १९ फेब्रुवारीस जी शिवजयंती साजरी होते तिचे मूळ येथे आहे. शकावली छापली गेली तेव्हा केशवराव वीस वर्षांचे होते. पुढे नऊ वर्षांनी याच टिळकांवर कडक टीका करणारे एक पुस्तक केशवरावांच्या नावाने प्रकाशित व्हावयाचे होते. इतिहासाच्या पोटात अशा गंमती पुष्कळ असतात.

केशवरावांचा जन्म १८९६ साली पुण्यास झाला. त्यांच्या शाखेने देशमुखीच्या उत्पन्नावर विसंबून न राहता शहरात तांब्यापितळेच्या भांड्यांचा धंदा काढला होता व त्यात जम बसविला होता. वडील बंधू बाबूराव यांचा कोल्हापूरच्या शाहूमहाराजांशी निकटचा संबंध होता. शुक्रवार पेठेतील त्यांचा वाडा जेधे मॅन्शन या नावाने प्रसिद्धीस आला. सत्यशोधक, ब्राह्मणेतर पक्षाचे, पुढे काँग्रेसचे व त्याहीपुढे शेतकरी कामगार पक्षाचे, असे किती कार्यकर्ते त्या घरी जेवून गेले असतील याची मोजदाद कोणी ठेवली नाही. घरातील स्त्रियांच्या वाट्यास यात किती चुली व किती पंगती आल्या असतील, हे चरित्रकार सहसा लिहीत नाहीत. आम्ही ते येथे नमूद करितो.

आमच्या तरुण वाचकांस येथे एक गोष्ट उलगडून सांगितली पाहिजे, नाहीतर पुढील हकीकत नीट समजणार नाही. भोर हे त्या काळी संस्थान होते. पंतसचिवांचे हे राज्य सुमारे ९२५ चौरस मैलांचे. त्याचे विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ व सुधागड असे पाच तालुके होते. रोहिडा म्हणजे विचित्रगड व तोरणा म्हणजे प्रचंडगड, हे आपल्याकडे सांगावयास नको. वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचे शासनाने अलीकडे ठरविले, तेव्हा पुष्कळांस ते नवे वाटले. परंतु संस्थानच्या दप्तरात त्या नावाचा तालुका पूर्वीच होता. असो. इंग्रज सरकारने १९१९ च्या सुधारणा कायद्याने मुंबई इलाख्यास निवडणुकीचे विस्तृत कायदेमंडळ दिले. त्यात निवडून आलेले ८६ सभासद असत, व मराठे आणि तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेविल्या होत्या. मात्र संस्थानी मुलूख कोणत्याच मतदारसंघात मोडत नव्हता. म्हणजे कान्होजींच्या कारीत राहणाऱ्या माणसास मुंबईच्या कायदेमंडळासाठी मत नव्हते. नीरेच्या खाली खालसा मुलखात राहणाऱ्या त्याच्या सोयऱ्यास मात्र, पुरेसा सारा भरत असल्यास, ते होते. पुरेसा म्हणजे किती, तर बहुतेक जिल्ह्यांत वर्षास ३२ रुपये. नाचणी-वरीवर गुजराण करणाऱ्या मावळी कुणब्याच्या सातबाऱ्यावर एवढा आकार कोठून असणार? तेव्हा राखीव जागा झाल्या तरी त्या बड्या खातेदारांच्या व वतनदारांच्या आटोक्यात राहिल्या. मावळच्या घराण्यातील माणूस कायदेमंडळापर्यंत पोहोचावयाचा तर त्यास पुण्याची वाट धरणे भाग होते. जेध्यांनी ती पूर्वीच धरली होती.

शाहूमहाराज ६ मे १९२२ रोजी निवर्तले. त्याच वर्षी पुण्याच्या गणेशोत्सवात छत्रपती मेळा उभा राहिला. केशवराव व त्यांचे स्नेही दिनकरराव जवळकर हे त्याचे प्राण. मेळे पूर्वीही होते, पण ते बहुतेक शहरातील उच्चवर्णीयांचे. येथे प्रथमच पेठांतील कष्टकरी पोरे शिवाजीमहाराजांचा जयजयकार करीत व ज्योतिबा फुल्यांचे विचार पद्यांत गुंफून रस्त्यावर आली. पद्ये झोंबरी असत. कित्येकदा मारामाऱ्यांपर्यंत पाळी येई. त्या गाण्यांतील ग्राम्यपणा आज वाचवत नाही हे खरे, परंतु समोरच्या बाजूनेही काही ओव्या गाइल्या जात नव्हत्या.

पुढे पुतळ्याचे प्रकरण उद्भवले. पुण्याच्या मंडईत लोकमान्यांचा पुतळा १९२४ साली पंडित मोतीलाल नेहरूंच्या हस्ते उघडण्यात आला होता. केशवराव १९२५ साली नगरपालिकेत निवडून गेले व त्यांनी महात्मा फुल्यांचाही पुतळा शहरात उभारावा अशी सूचना मांडली. ज्या शहरात जोतीरावांनी मुलींची शाळा काढली, सत्यशोधक समाज स्थापिला व ज्या नगरपालिकेचे ते सभासदही होते, तेथे ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. पण सूचना फेटाळली गेली, आणि फेटाळताना जोतीरावांच्या योग्यतेविषयी जे बोलले गेले व छापले गेले त्याने आगीत तेल पडले. त्याच मंडईस पुढे महात्मा फुल्यांचे नाव मिळाले, आणि ते देण्यात पुढाकार आचार्य अत्र्यांचा होता. अत्रे जन्माने ब्राह्मण. ही गोष्ट केशवरावांच्या विरोधकांइतकीच त्यांच्या त्या काळच्या अनुयायांनीही ध्यानात घेण्याजोगी आहे.

पुतळ्याच्या वादातून जवळकरांचे ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक १९२५ साली निघाले. प्रकाशक केशवराव जेधे. लोकमान्य टिळक व विष्णुशास्त्री चिपळूणकर हे त्याचे लक्ष्य होते. आमच्या ज्ञातीत या पुस्तकाविषयी दोन तऱ्हा आढळतात. काही वृद्ध मंडळी मोठ्या अभिमानाने त्याची आठवण काढितात. तर काही सभ्य गृहस्थ केशवरावांचे चरित्र सांगताना १९२२ वरून एकदम १९३० वर उडी मारितात. दोन्ही गोष्टी आम्हांस पटत नाहीत. पुस्तक जहाल होते, आणि मृत माणसांविषयी लिहिताना जी मर्यादा पाळावी ती त्यात पाळली गेली नाही. ते ज्या अपमानातून निघाले तो अपमान मात्र खरा होता. पुस्तकावर खटला झाला. खालच्या कोर्टाने शिक्षा सांगितल्या. अपिलात मात्र आरोपींची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली व १९२६ साली सर्वजण निर्दोष सुटले. बाबासाहेबांची बॅरिस्टरी त्या वेळी नुकतीच सुरू झाली होती, आणि या खटल्याने त्यांच्या नावाचा पुष्कळ बोलबाला झाला.

याच्या पुढची हकीकत आपल्या उंबरठ्यावरची आहे. भोरहून वरंध घाट उतरले की महाड. तेथील चवदार तळ्यावर १९ व २० मार्च १९२७ रोजी अस्पृश्य बांधवांची परिषद व सत्याग्रह झाला, आणि पुन्हा त्याच वर्षीच्या डिसेंबरात सत्याग्रह योजिला होता. जेधे-जवळकरांनी त्यास पाठिंबा देऊ केला, पण एक अट घातली : त्यात एकाही ब्राह्मणास घेऊ नये, मग तो कितीही सहानुभूतीचा असो. बाबासाहेबांनी ती अट साफ नाकारली. त्यांचा झगडा उच्चनीचपणाच्या वृत्तीशी होता, कोणा एका जातीत जन्मलेल्या माणसाशी नव्हता. त्यांच्या बरोबरीने झटणाऱ्यांत गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे होते, आणि त्या डिसेंबरच्या परिषदेत मनुस्मृती जाळण्याच्या ठरावात या सहस्रबुद्ध्यांचाच पुढाकार होता. ज्या वकिलाने वर्षापूर्वी आपणांस तुरुंगातून वाचविले त्यानेच आपली अट झिडकारावी, याचा केशवरावांच्या मनावर काय परिणाम झाला हे त्यांनी कोठे लिहून ठेवल्याचे आमच्या पाहण्यात नाही. अट चुकीची होती हे आमचे मत आम्ही स्पष्ट नोंदवितो. आणि पुढील दोन-तीन वर्षांत केशवरावांनी जे केले त्यावरून पाहता, पुढे त्यांचेही मत तसेच झाले असावे असे म्हणावयास जागा आहे.

ब्राह्मणेतर पक्षाची स्थिती या सुमारास मोठी विचित्र झाली होती. मुंबईच्या कायदेमंडळात त्याचे सभासद होते. भास्करराव जाधवांसारखा विद्वान व सचोटीचा माणूस मंत्रिपदापर्यंत पोहोचला होता. त्यांनी शिक्षणखाते सांभाळताना मागासलेल्या वर्गांसाठी केलेली खटपट आम्हा शिक्षकांस विसरता येण्यासारखी नाही. परंतु हे सारे सरकारशी सहकार्य करूनच मिळत होते. सायमन कमिशन १९२८ साली आले, तेव्हा देशातील बहुतेक पक्षांनी त्यावर बहिष्कार घातला. ब्राह्मणेतर पक्षात मात्र फूट पडली. जुनी मंडळी म्हणत की इंग्रज गेला की पुन्हा भटशाही. तेव्हा आधी आपले हक्क पदरात पाडून घ्यावे. तरुण म्हणत की शेतकऱ्याच्या पाठीवर सावकार बसला आहे हे खरे, पण सावकाराच्या पाठीशी सरकार उभे आहे त्याचे काय? केशवराव तरुणांच्या बाजूस गेले. त्या दिवसांत सहकार्याच्या वाटेने कौन्सिलची जागा मिळणे त्यांच्यासारख्यास अवघड नव्हते. घराणे होते, पैसा होता, पुणे शहरात शब्दास वजन होते, आणि राखीव जागाही होत्या. ती वाट सोडून त्यांनी १९३० साली कायदेभंगाची वाट धरली, व त्या चळवळीत तुरुंगवास पत्करला. पूर्वजांनी पाणी सोडले ते वतनावर. यांनी ते कशावर सोडले याचा विचार वाचकांनी करावा.

या पालटास एक माणूस कारण झाला, असे सर्वसाधारणपणे मानितात. नरहर विष्णु तथा काकासाहेब गाडगीळ. हे पुण्यातील वकील, ब्राह्मण, काँग्रेसचे कार्यकर्ते; जन्मसाल केशवरावांचेच, १८९६. दोघांचा स्नेह जमला तो अनेकांच्या डोळ्यांत सलला. ब्राह्मणेतरांतील कर्मठ म्हणू लागले की जेध्यांस भटांनी फितविले. इकडे सदाशिव पेठेत म्हणू लागले की गाडगीळांनी काँग्रेस बाटविली. दोघांनी तिकडे लक्ष न देता गावोगाव हिंडण्यास आरंभ केला. एकाच व्यासपीठावर गाडगीळ व जेधे बसलेले पाहणे हेच त्या काळी खेड्यातील माणसास निम्मे व्याख्यान होते. तोवर काँग्रेस म्हणजे शहरातील शेंडी-उपरण्यांची सभा, अशी आपल्या शेतकऱ्यांची समजूत होती. पागोटेवाला व घोंगडीवाला काँग्रेसच्या सभेस येऊ लागला तो या दोघांच्या फिरतीनंतर. दिनकरराव जवळकर यांस मात्र हे दिवस पाहावयास मिळाले नाहीत. ते १९३२ साली ऐन तारुण्यात वारले.

दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळाची निवडणूक १९३४ च्या अखेरीस झाली. काँग्रेसने बहिष्कार सोडून ती लढविली. मुंबई इलाख्याच्या मध्य विभागात पुणे, सातारा, सोलापूर, नगर, नाशिक व खानदेश एवढा मोठा मुलूख येई, व त्याच्या ग्रामीण मतदारसंघातून दोन सभासद पाठवावयाचे असत. काँग्रेसतर्फे उभे राहिले गाडगीळ व जेधे. दोघेही निवडून आले. ज्या मुलखात दहा वर्षांपूर्वी या दोन जातींचे तरुण मेळ्यांत एकमेकांची डोकी फोडीत होते, त्या मुलखाने एक ब्राह्मण व एक मराठा अशी जोडी एकाच पक्षाच्या नावावर दिल्लीस धाडली. मताचा हक्क थोड्यांसच होता हे ध्यानात घेऊनही ही गोष्ट लहान नव्हे. केशवरावांच्या मूळ गावास मात्र याही निवडणुकीत मत नव्हते.

त्या विधिमंडळाचे स्वरूप आजच्या लोकसभेसारखे नव्हते. सभासद १४५, त्यांपैकी १०४ निवडलेले, बाकीचे सरकारने नेमलेले. सरकार या सभेस जबाबदार नव्हते. सभेने अर्थविधेयक फेटाळले तर गव्हर्नर जनरल ते आपल्या सहीने प्रमाणित करून अमलात आणी, आणि १९३५ पासून हे एकाहून अधिक वेळा घडले. काँग्रेस पक्षाचे तेथील पुढारी भुलाभाई देसाई. सरकारचा पराभव करावयाचा, टाळ्या घ्यावयाच्या, आणि दुसऱ्या दिवशी कर पूर्वीसारखाच चालू राहिल्याचे पाहावयाचे, असे ते काम. अशा सभेस जाऊन काय साधले, असा प्रश्न कोणी विचारील. आम्हांस वाटते, साधले ते दिल्लीत नव्हे, येथे साधले. मध्यवर्ती विधिमंडळाचा सभासद म्हणून केशवराव तालुक्याच्या गावी गेले की मामलेदारास त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे लागे. शेतकऱ्यास हे दिसत होते. पुढे १९३७ साली प्रांतिक निवडणुका झाल्या, मतदारांची संख्या वाढली होती, आणि महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात काँग्रेसला जे यश मिळाले त्याची मशागत या तीन वर्षांत झाली होती. महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपदही पुढे केशवरावांस लाभले. ज्या संस्थेस ते एके काळी शत्रू मानीत तिच्याच अध्यक्षाच्या खुर्चीवर ते बसले.

तथापि गोष्ट येथे गोड होऊन संपत नाही. काँग्रेसमध्ये बहुजनांची संख्या वाढली, परंतु सूत्रे कोणाच्या हाती, हा जुना प्रश्न नव्या कपड्यात पुन्हा उभा राहिला. शेतकऱ्यांच्या कर्जाचा, कुळांचा, धान्याच्या लेव्हीचा विचार काँग्रेस नीट करीत नाही, असे केशवराव व शंकरराव मोरे यांच्यासारख्यांस वाटू लागले. जेधे मॅन्शनमध्ये पुन्हा बैठका भरल्या. स्वातंत्र्याच्याच वर्षी, १९४७ साली, आळंदीस शेतकरी कामगार पक्षाचा पाया घातला गेला, व पुढच्या वर्षी ही मंडळी काँग्रेसमधून बाहेर पडली. या वेळी भांडण जातीच्या नावाने नव्हते, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. पक्षाच्या नावातच शेतकरी व कामगार होते, आणि त्या दोन शब्दांत सर्व जातींस जागा होती. प्रत्यक्षात त्यात मराठेच अधिक होते, असा आक्षेप त्या काळी घेतला गेला. तो पुष्कळ अंशी खरा होता.

याच काळात केशवराव घटना समितीचे सभासद होते. भारताची राज्यघटना १९४९ च्या नोव्हेंबरात संमत झाली. तीत एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषास मताचा हक्क मिळाला, साऱ्याची अट गेली. भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले होते. तेव्हा १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कारी, आंबवडे, वेल्हे, पासली येथील माणूस, आणि त्याची बायकोही, देशाच्या लोकसभेसाठी प्रथमच मत देऊ शकली. आमच्या आजीने त्या दिवशी नवे लुगडे नेसून डोंगर उतरल्याचे वडील सांगत असत. तिचा सारा वर्षास दोन रुपयांच्या आतला होता.

शेतकरी कामगार पक्षास त्या निवडणुकीत अपेक्षेप्रमाणे यश आले नाही, पक्षात तात्त्विक वाद माजले, आणि काही वर्षांनी केशवराव पुन्हा काँग्रेसमध्ये परतले. या पक्षांतरांवरून त्यांस चंचल म्हणणारे होते व आजही आहेत. आम्ही त्यांचा हिशेब निराळ्या रीतीने मांडतो. पक्ष त्यांनी अनेकदा बदलला, पण १९३० नंतर जातीच्या बंद कोठडीत ते पुन्हा शिरले नाहीत. उलट त्यांच्या अखेरच्या वर्षांत सर्व पक्षांच्या व सर्व जातींच्या पुढाऱ्यांस ज्याच्या अध्यक्षतेखाली बसण्यास संकोच वाटू नये असा माणूस हवा असला की केशवरावांचे नाव पुढे येई. गोवा विमोचन सहायक समिती पुण्यात स्थापन झाली तेव्हा अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, व समितीच्या कामात त्यांचे सहकारी होते जयंतराव टिळक, लोकमान्यांचे नातू. ‘देशाचे दुश्मन’ प्रसिद्ध होऊन तीस वर्षे लोटली होती. त्या समितीच्या वतीने १९५५ च्या मे महिन्यापासून सत्याग्रहींच्या तुकड्या गोव्याच्या सरहद्दीवर गेल्या. पहिल्या तुकडीत ना. ग. गोरे व सेनापती बापट होते. पोर्तुगीज शिपायांच्या लाठ्या व गोळ्या खाऊन परतलेल्यांची व्यवस्था पुण्यात लागत असे, आणि ज्यांनी एके काळी मेळ्यांत शिव्या ऐकल्या व ऐकविल्या त्यांचीच घरे त्या कामी उघडी होती.

तसेच संयुक्त महाराष्ट्राचे. मुंबईसह मराठी राज्य व्हावे म्हणून ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यास टिळक स्मारक मंदिरात सर्व पक्षांच्या कार्यकर्त्यांची सभा भरली व तीत संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. सभेचे अध्यक्ष केशवराव. एस. एम. जोशी, श्रीपाद अमृत डांगे, आचार्य अत्रे, प्रबोधनकार ठाकरे असे परस्परांशी अनेकदा भांडलेले लोक त्या लढ्यात एकत्र आले. वास्तूचे नाव पुन्हा वाचावे : टिळक स्मारक मंदिर.

केशवराव १९५७ साली बारामती मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. मध्यवर्ती विधिमंडळासाठी जी इमारत इंग्रजांनी १९२७ साली उघडली होती तीतच लोकसभा भरत असे. म्हणजे पूर्वी जेथे सरकारने नेमलेल्या सभासदांसमोर बसावयाचे, तेथेच आता निवडून आलेल्या सरकारसमोर ते बसले. प्रकृती मात्र पूर्वीसारखी राहिली नव्हती. १२ नोव्हेंबर १९५९ रोजी त्यांचे देहावसान झाले. मराठी राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले, त्यास त्या वेळी सहा महिनेही उरले नव्हते. बारामतीच्या रिकाम्या झालेल्या जागेसाठी पोटनिवडणूक झाली, व तीत त्यांचे पुत्र गुलाबराव निवडून गेले.

कारीस जेध्यांचा चिरेबंदी वाडा आहे. भोरहून आंबवड्यामार्गे तेथे जाता येते. आमच्या मंडळाची जी कुटुंबे दरवर्षी रायरेश्वरास जातात त्यांनी जाता-येता तेथे थांबावे, आणि मुलांस कान्होजींची हकीकत सांगून झाल्यावर केशवरावांचीही सांगावी; त्यातील १९२५ ते १९३० ही पाच वर्षे न वगळता.